सोबत जोडलेला नमुना २

आज सकाळी पत्र हातात पडल्यापासून टँकरने ते सतरा वेळा वाचलं होतं, आणि अठराव्यांदा वाचताना तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभा होता. बसून वाचण्यासारखं ते पत्रच नव्हतं. अग्निशमन दलात बंबाचा चालक म्हणून त्याची निवड झाली होती. म्हणजे, झाल्यात जमा होती. उद्या सकाळी दहा वाजता केंद्रावर जाऊन एक छोटीशी तपासणी तेवढी द्यायची, की लाल रंगाचा, पितळी घंटेचा तो आडदांड बंब त्याच्या ताब्यात.

टँकर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. अकरा वर्षं तो पाण्याचा टँकर चालवत होता, म्हणून गल्लीने ठेवलेलं ते नाव. पण टँकर आणि बंब यांत फरक असतो. पोटात दोघांच्याही पाणीच. पण टँकर आला की लोक उशीर झाला म्हणून शिव्या देतात आणि बंब आला की बाजूला होऊन रस्ता देतात. सहा वर्षांचा असताना त्याच्या नाकासमोरून एक बंब घंटा वाजवत गेला होता आणि तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होतं. भरतीला तो दोनदा जाऊन आला होता. पहिल्या खेपेला छाती भरली नाही. दुसऱ्या खेपेला छाती भरली, तर भरतीच रद्द झाली. आता येत्या तीन तारखेला त्याला चाळीस पूर्ण होणार होती, आणि चाळिशीनंतर दल कुणाला घेत नाही. यापुढे संधी नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तपासणी लघवीची होती. माणूस काही नशापाणी करतो का, हे बघायला. नशेची टँकरला काळजी नव्हती. चहात साखर जास्त पडली तरी त्याला झिंग यायची. काळजी वेगळीच होती. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात टँकर कुठेतरी आडोशाला जाऊन स्वतःही रिकामा होऊन येई. दिवसाच्या सहा फेऱ्या, सहा आडोसे. अकरा वर्षांत शरीराला असं काही वळण लागलं होतं, की पाणी धो धो पडल्याचा आवाज आल्याशिवाय त्याचं काही होतच नसे. सुट्टीच्या दिवशी बायको बाहेरून विचारायची, "नळ सोडू का?"

ही बायको एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. टापटिपीची, कागद सरळ लावणारी बाई. नवऱ्यावर खूश असली की त्याला 'टँकर' म्हणायची आणि वैतागली की 'नमुना'. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला म्हणून ती आज सकाळीच परगावी गेली होती. निघताना तिने न्हाणीघराच्या दारावर थाप मारून सांगितलं होतं, "फाइल टेबलावर तयार ठेवलीय! पत्र तेवढं वर आहे, ते वाचा. फाइल तशीच उचलून न्यायची, उघडाउघड करायची नाही, तुम्ही सगळं उलटंपालटं करता!" आणि अंगाला साबण लागलेल्या टँकरने आतून हो म्हटलं होतं.

आता पत्रातल्या सूचना वाचून तो घाबरला आणि त्याने दाजींना बोलावलं.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. वॉर्डातून बाटल्या उचलायच्या आणि प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणी शिंकलं तर ते अजून आधी बाटली शोधत. सासुरवाडीत वैद्यकीय बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच असे, कारण पहिला आणि मधलाही तेच बोलत.

"वाच," दाजी म्हणाले आणि डोळे मिटून खुर्चीत रेलले.

"'एक. तपासणीआधी दोन दिवस खसखस घातलेला कोणताही पदार्थ खाऊ नये.'"

"खाल्लास?"

"काल पावावर कसलेतरी दाणे होते."

"गोल की चपटे?"

"दाजी, मी पाव खाल्ला, दाण्यांची ओळख करून घेतली नाही."

"तीळ असणार," दाजींनी निकाल देऊन टाकला. "पुढे."

"'दोन. सर्दी-खोकल्याची अथवा झोपेची औषधं घेतली असल्यास ती लपवू नयेत.'"

"घेतलीस?"

"सोमवारी खोकल्याचं घेतलं, दोन चमचे."

"बाटली कुठाय?"

"दाराआडच्या फळीवर."

"ती आधी टेबलावर आणून ठेव. लपवू नये म्हणतायत ना!"

टँकरने बाटली टेबलावर, दिव्याच्या बरोबर खाली आणून ठेवली. "'तीन. पाणी नेहमीइतकंच प्यावं. जादा पाणी प्यायल्यास नमुना पातळ होतो व ग्राह्य धरला जात नाही.'"

"शंभर टक्के खरं. पुढे?"

"'चार. सोबत जोडलेला नमुना २ भरून आणावा.'"

दाजींचे डोळे खाडकन उघडले. "परत वाच."

टँकरने परत वाचलं. मग पाकीट उलटं करून झटकलं. त्यातून काहीच पडलं नाही. "सोबत जोडलेलं तर काहीच नाही, दाजी."

"त्यांनी जोडलेलं नाही रे बाबा, तू जोडायचं!" दाजी उठून येरझाऱ्या घालायला लागले. नमुना या शब्दावर त्यांचा एकतीस वर्षांचा हक्क होता. रक्ताचा नमुना, थुंकीचा नमुना. हजारो नमुने त्यांच्या हातांखालून गेले होते. "नीट बघ. सरकारी वाक्यात एक शब्द फुकट नसतो. 'सोबत', म्हणजे बरोबर घेऊन यायचं. 'नमुना २', म्हणजे नमुने दोन. लिहिणाऱ्याने मात्रेच्या जागी काना दिलाय. 'जोडलेला', म्हणजे दोन्ही बाटल्या एकत्र बांधलेल्या, एक इकडे आणि एक तिकडे व्हायला नको. आम्ही पण बांधायचो."

"आणि 'भरून'?"

"भरून म्हणजे भरून! अर्ध्या आणल्यास तर परत पाठवतील."

टँकर जरा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, ते नमुना दोन म्हणजे... आपण लहानपणी शाळेत करंगळी दाखवायचो ती एक, आणि दोन बोटं दाखवायचो ती..."

दाजी जागच्या जागी थांबले. ही शक्यता त्यांच्याही लक्षात आली नव्हती. छताकडे बघून ते म्हणाले, "नाही. वर लघवीची तपासणी असं स्वच्छ लिहिलंय."

टँकरचा जीव भांड्यात पडला.

बाटल्या दाजींनीच आणल्या. मधाच्या, रुंद तोंडाच्या, चांगल्या जाड काचेच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला काम सुरू झालं. टँकर न्हाणीघरात आणि दाजी दाराबाहेर दोन बादल्या घेऊन. ते एका बादलीतलं पाणी दुसरीत ओतायचे, मग दुसरीतलं पहिलीत.

"जरा उंचावरून ओता ना!" आतून आवाज आला.

"माझे खांदे दुखायला लागलेत!"

"दाजी, बंबाचा प्रश्न आहे!"

दाजी स्टुलावर चढले. पहिली बाटली सव्वासहाला भरली. दुसरीने मात्र घाम काढला. पाणी नेहमीइतकंच प्यायचं, आणि भरायच्या दोन, हिशेब जमेना. साडेआठला दुसरी बाटली दोन बोटं कमी होती. पावणेनऊला एक बोट. नऊला टँकरने डोळे मिटून, भिंतीला कपाळ टेकून, शरीराच्या कानाकोपऱ्यात उरलंसुरलं जे काही होतं ते गोळा केलं आणि बाटली काठोकाठ भरली. तो बाहेर आला तेव्हा सुकलेल्या भेंडीसारखा दिसत होता, पण चेहऱ्यावर विजय होता.

"आता ऊब हवी," दाजी म्हणाले. "गार नमुना लॅबवाल्यांना आवडत नाही." त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या रबराने दोन्ही बाटल्या करकचून जोडल्या, ताईने विणलेल्या कानटोपीत घातल्या, आणि ती टोपी गरम पाण्याच्या रबरी पिशवीला टेकवून कापडी पिशवीत ठेवली. सगळ्यात खाली बायकोची फाइल होती. टँकरने ती उघडली नाही. दिलेला शब्द तो पाळत असे.

स्कूटर दाजी चालवत होते आणि टँकर मागे पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. प्रत्येक गतिरोधकाला तो ओरडे, "हळू! माझी नोकरी हिंदकळतेय!"

केंद्राचं मोठं शटर वर गेलेलं होतं आणि आत दोन बंब उभे होते. टँकरने जाता जाता एकाच्या मडगार्डला हळूच हात लावला. रंग गार आणि गुळगुळीत होता. तो दोन क्षण तिथेच थबकला. आजूबाजूला मात्र धावपळ चालली होती. रस्त्याखालची मोठी पाण्याची वाहिनी पहाटे फुटली होती, केंद्राची टाकी कोरडी ठणठणीत पडली होती आणि एका बंबात पाण्याचा थेंब नव्हता. आग विझवणाऱ्यांकडेच पाणी नाही, म्हणून जवान एकमेकांवर डाफरत होते. टँकर मागवलाय, अजून आलेला नाही, असं कुणीतरी ओरडून सांगत होतं.

तपासणीच्या खोलीत पांढऱ्या कोटातल्या एक लॅबच्या बाई बसल्या होत्या. सव्वीस वर्षं हेच काम करून त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी नवलाई संपलेली होती. "नाव नोंदवलंत? बसा. खिसे आणि पिशवी रिकामी करा."

टँकरने अभिमानाने कानटोपी टेबलावर ठेवली आणि जादूगारासारखी वर उचलली. "घ्या, बाई."

बाईंनी बघितलं. चष्मा खाली ओढून परत बघितलं. "हे काय आहे?"

"नमुना," टँकर म्हणाला. "दोन. जोडलेला. भरून. सोबत आणलाय."

बाईंनी एका बाटलीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "हे गरम आहे."

"हो ना! गरम पाण्याची पिशवी पण आणलीय," दाजींनी पुढे होऊन कौतुकाने दाखवली.

बाईंनी बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचलं. "'शंभर टक्के शुद्ध. भेसळ सिद्ध केल्यास बक्षीस.'"

"तेच आमचं म्हणणं आहे," दाजी म्हणाले.

बाई सावकाश उभ्या राहिल्या. "बाहेरून नमुना आणणं म्हणजे काय, माहितीय तुम्हाला? स्वतःच्या पोटात नशा असते ना, ते लोक दुसऱ्याची लघवी आणतात. लपवून आणतात. संशय येऊ नये म्हणून गरम ठेवतात. सव्वीस वर्षांत मी असे चार पकडले. पण दोन बाटल्या, टोपी घालून, गरम पिशवीसकट? इतकी तयारी मी आजवर बघितली नाही!" आणि त्यांनी दारातून हाक मारली, "साहेब!"

केंद्रप्रमुख आले. जाडजूड मिशा, कडक इस्त्रीचा गणवेश. त्यांनी बाटल्या बघितल्या, कानटोपी बघितली आणि मग टँकरकडे बघितलं. "अपात्र," ते म्हणाले.

"साहेब, पत्रात लिहिलंय!" टँकरचा आवाज फाटला. त्याने पत्र पुढे केलं. "नियम चार! मी शब्द न् शब्द पाळलाय!"

साहेबांनी पत्र वाचलं. त्यांच्या मिशा ताठ झाल्या, कारण ते पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं. कचेरीत परकीय शब्द त्यांना खपत नसे. 'फॉर्म' म्हणणाऱ्या कारकुनाला ते तोच कागद 'नमुना, नमुना' म्हणत तीनदा परत लिहायला लावत. "नमुना म्हणजे भरून द्यायचा कागद! कुठली औषधं घेतली त्याची माहिती लिहायचा! नमुना क्रमांक दोन! यात न समजण्यासारखं काय आहे?"

"कागद?" दाजींचा विश्वासच बसेना. "साहेब, एकतीस वर्षं मी नमुने वाहिले. एकदाही कागदात नाही आणला!"

"तुम्ही कोण?"

"मी ह्याचा मेहुणा. सोबत आलोय."

"'जोडलेला' म्हणजे पत्राला जोडलेला!"

"पत्राला काही जोडलेलं नव्हतं, साहेब, आईशपथ!" टँकर म्हणाला.

"असणारच! मी स्वतः टाचणी लावलीय."

बाईंनी पत्र उजेडात धरलं. कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं स्वच्छ दिसत होती. "कागद होता," त्या म्हणाल्या. "कुणीतरी काढलाय." आणि मग दाजींच्या खांद्यावरून टँकरकडे बघत विचारलं, "काही औषध घेतलं होतंत?"

"खोकल्याचं," टँकर पुटपुटला. "दोन चमचे."

खोकल्याचं औषध घेतलेला माणूस, औषधाची माहिती द्यायचा कागद गायब, आणि हातात बाहेरच्या दोन गरम बाटल्या. टँकरने मनातल्या मनात सगळं जोडून बघितलं आणि त्याला स्वतःचाच संशय यायला लागला.

साहेबांनी घड्याळात बघितलं. दहा वाजले होते. "नियमाप्रमाणे तीन तास. एक वाजता माझ्या टेबलावर दोन गोष्टी हव्यात. एक तो टाचलेलाच नमुना भरून, म्हणजे कागद, नवा मिळणार नाही. आणि दुसरा भरलेला नमुना, म्हणजे..." ते स्वतःच अडखळले. "म्हणजे तो दुसरा! इथेच, बाईंनी दिलेल्या कपात. दोन्हींतलं एक जरी नसलं, तर नकार समजण्यात येईल. नाव कायमचं बाद."

टँकरने बाईंनी दिलेला कप घेतला आणि आत गेला. आतल्या नळाला चिकटपट्टी लावलेली होती, संडासातलं पाणी निळं होतं, म्हणजे कुणी कपात पाणी मिसळलंच तर कळावं. सगळीकडे शुकशुकाट. तो पाच मिनिटं उभा राहिला, दहा मिनिटं उभा राहिला. पहाटेपासून त्याने जे काही होतं नव्हतं ते मधाच्या बाटल्यांत भरून टाकलं होतं. रिकामा कप घेऊन तो बाहेर आला तेव्हा दाजींनी त्याच्याकडे न बघता खिडकीकडे तोंड केलं.

बाईंनी अर्ध्या तासाला एक पेला पाणी द्यायला सुरुवात केली. जास्त नाही, पातळ झालं तर तेही बाद. टँकर प्यायचा आणि बायकोला फोन लावायचा. फोन बंद. प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोन बंदच ठेवायला लावत असत. अकरा वाजले. सव्वाअकराला दाजींनी तोंडाने पाण्याचा आवाज काढून बघितला, "झुळ्ळ झुळ्ळ, झुळ्ळ झुळ्ळ," पण बाईंनी त्यांना दटावून गप्प बसवलं. साडेअकराला टँकरला पोटात पाणी जाणवायला लागलं, बाराला चांगलंच जाणवलं, पण आत जाऊन उभं राहिलं की ते हटून बसायचं. पाण्याचा आवाज म्हणजे त्याच्या शरीराला परवाना होता आणि परवान्याशिवाय ते हलायला तयार नव्हतं.

"आयुष्यभर पाणी वाहिलं, दाजी," तो म्हणाला, "दहा-दहा हजार लिटर. आणि आज कपभर निघत नाही." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझंच चुकलं रे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी सासुरवाडीत आजवर उच्चारलं नव्हतं.

साडेबाराला फोन वाजला. "एवढे तेवीस फोन? काय झालं? पास झालात?"

"स्पीकरवर लावा," साहेब दारातून म्हणाले. टँकरने लावला.

"अगं, ते पत्राला जोडलेला नमुना..."

"फाइलमध्ये आहे की! परवान्याच्या मागच्या कप्प्यात. मीच काढून भरून ठेवलाय. खोकल्याचं औषध, दोन चमचे, सोमवार, सगळं लिहिलंय. तुम्ही फक्त सही करायची. दिसला नाही?"

"तू म्हणालीस उघडाउघड करू नका."

"मग नमुन्याचं काय केलंत?"

दाजींनीच घसा खाकरून, खाली मान घालून सांगितलं. दोन बाटल्या. जोडलेल्या. भरून. पलीकडून असा काही आवाज आला की ती रडतेय की हसतेय ते कळेना.

"अहो, नमुना म्हणजे फॉर्म!" ती म्हणाली. "आणि नमुनाच न्यायचा होता तर बाटल्या कशाला? नमुना नंबर एक तुम्ही, आणि नमुना नंबर दोन दाजी! जोडीने गेलात की! पत्रात सांगितलंय ते बरोबरच केलंत, सोबत जोडलेला नमुना दोन!"

बाईंनी पटकन कपाट उघडून त्यात तोंड घातलं. साहेबांना मिशांच्या आड खोकला आला. दाजींचे कान लाल झाले. त्यांनी पिशवीतून फाइल काढून परवान्यामागचा कागद टेबलावर ठेवला. टँकरने सही केली. एक नमुना मिळाला. एकला वीस मिनिटं कमी होती.

तेवढ्यात अंगणातून हॉर्न वाजला. लांब, मध्येच बसणारा, म्हाताऱ्या बैलासारखा. टँकर ताडकन उठला. तो हॉर्न त्याने स्वतः दुरुस्त केला होता. खिडकीतून बघितलं, तर त्याचीच जुनी गाडी. केंद्राच्या टाकीला नळी जोडून त्याच्या रजेपुरता आलेला नवा चालक व्हॉल्व्हशी झटत होता, जवान भोवती ओरडत होते आणि पाणी काही पडत नव्हतं.

"तो असा नाही उघडत!" टँकर खिडकीतून ओरडला. "अरे, जोर नको लावू, आटे जातील! बाई, मी जाऊ? दोन मिनिटं!"

"तुम्हाला नजरेआड करता येत नाही."

"मग तुम्ही चला ना!"

आणि टँकर निघाला. मागून बाई कप घेऊन, बाईंच्या मागे दाजी फाइल घेऊन, दाजींच्या मागे साहेब घड्याळ बघत. टँकरने नव्या चालकाला बाजूला सारलं. उजवीकडे अर्धा फेरा, डावीकडे पाव, आणि बुडावर तळहाताचा एक सणसणीत तडाखा. आत काहीतरी खट झालं आणि दहा हजार लिटर पाणी गर्जना करत टाकीत कोसळायला लागलं. जवानांनी आरोळी ठोकली. कुणीतरी टँकरच्या पाठीत धपाटा घातला. "शाबास!" साहेबही न राहवून म्हणाले.

टँकर मात्र हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव उमटला. अकरा वर्षांच्या सवयीने त्याचे पाय आपोआप भिंतीच्या आडोशाकडे वळले, दोन पावलं गेलेही, आणि मग तो गर्रकन फिरला.

"बाई!" तो किंचाळला. "कप!"

सगळी वरात आली तशी उलटी पळत सुटली. टँकर सर्वांत पुढे, गुडघे जुळवून, तरीही वाऱ्याच्या वेगाने. "रस्ता द्या! रस्ता द्या!" दाजी मागून ओरडत होते, आणि जवान खरोखर दोन्ही बाजूंना होऊन रस्ता देत होते. दार धाडकन लागलं. बाहेर टाकीत पाणी कोसळतच होतं.

एकला चार मिनिटं कमी असताना दार उघडलं. टँकर कप दोन्ही हातांत धरून, एकेक पाऊल मोजत बाहेर आला. कप काठोकाठ भरला होता.

"या रेघेपर्यंत पुरे होता," बाई म्हणाल्या.

"पत्रात भरून लिहिलं होतं," टँकर म्हणाला.

बाईंनी कपावरची तापमान दाखवणारी पट्टी बघितली. "ऊब बरोबर आहे."

"आणि तीही कानटोपीशिवाय," दाजी हळूच म्हणाले. मग साहेबांनी त्या दोन बाटल्यांकडे बोट दाखवून, भरून आणल्यात तशा भरून घेऊन जा, म्हणून सांगितलं.

बाराव्या दिवशी दुसरं पत्र आलं. बायको घरी होती, ताई-दाजी आले होते, आणि पत्र उघडायचा मान एकमताने बायकोला देण्यात आला. तपासणीत काहीही आढळलं नव्हतं. टँकरने एक तारखेला, म्हणजे चाळीस पूर्ण व्हायच्या बरोब्बर दोन दिवस आधी, बंबावर चालक म्हणून रुजू व्हायचं होतं. टँकरने बायकोला उचलून गरकन फिरवलं, ताईने डोळ्यांना पदर लावला आणि दाजी तर स्टुलावरच चढले.

"थांबा, थांबा, खाली अजून आहे," बायको जमिनीला पाय टेकताच म्हणाली. "'रुजू होताना सोबत जोडलेला फॉर्म भरून आणावा.'"

"फॉर्म लिहिलंय?" टँकरने विचारलं. "साहेबांनी?"

"फॉर्मच लिहिलंय. टंकलिखित. आणि त्याच्याखाली शाईने, हाताने एक ओळ आहे." तिने ती ओळ वाचली, मग ओठ दाबून धरले आणि पत्र दाजींकडे दिलं.

दाजींनी चष्मा पुसला. सरकारी वाक्यात एक शब्द फुकट नसतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. 'नमुना क्रमांक २ सोबत आणू नये.'

ते स्टुलावरून सावकाश खाली उतरले.

"म्हणजे," त्यांनी टँकरला विचारलं, "मी यायचं नाही?"